महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे लसीकरण आणि शिक्षकाची भूमिका : वास्को परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

गोव्यातील पहिले प्रतिबंधित क्षेत्र जून २०२० च्या प्रारंभी वास्कोतील मांगोर हिल येथे जाहीर झाले. त्यापूर्वी महिनाभर गोवा राज्य हरित विभागात गणले जात होते. बंदर, जहाजबांधणी, रेल्वे आणि मासेमारी यांच्या आधारे वाढलेल्या या शहरात कर्नाटक, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश इत्यादी राज्यांतून आलेली कुटुंबे वर्षानुवर्षे राहतात. लहान खोल्या, सामाईक नळ, एकाच घरात तीन पिढ्या आणि कामासाठी रोज बाहेर पडणारी माणसे, अशा वस्तीत साथ कशी पसरते हे त्या वर्षी सर्वांना दिसले. याच वस्त्यांतील मुले-मुली शहरातील व आसपासच्या महाविद्यालयांत शिकतात. ती सकाळी वर्गात आणि संध्याकाळी घरी असतात. म्हणून महाविद्यालयाचे आरोग्य आणि वस्तीचे आरोग्य यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही.

कोविडची लस देशात १६ जानेवारी २०२१ पासून देण्यात येऊ लागली आणि १८ ते ४४ या वयोगटासाठी ती १ मे २०२१ पासून खुली झाली. त्याच मे महिन्यात गोव्यात दुसरी लाट शिगेला पोहोचली होती. गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील प्राणवायूच्या तुटवड्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर आला. त्यानंतर पंचायतींच्या पातळीवर मोहीम राबविण्यात आली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सर्व प्रौढांना पहिला डोस दिल्याचे राज्य सरकारने जाहीर केले.

पहिल्या डोसाचे काम अशा प्रकारे लवकर पार पडले. परंतु लस घेतलेल्या विद्यार्थ्याला लस का घ्यायची हे समजले होते काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. अनेक ठिकाणी प्रवास, नोकरी आणि प्रवेश यांसाठी प्रमाणपत्र लागत होते म्हणून लस घेण्यात आली. आज ते प्रमाणपत्र कोणी मागत नाही. मात्र धनुर्वात, घटसर्प, गोवर, रुबेला, कावीळ-बी, गर्भाशयमुखाचा कर्करोग हे धोके कायम आहेत. त्यांच्या लसींसाठी महाविद्यालयाच्या फाटकावर कोणी अडविणारा नाही. तेथे विद्यार्थ्याची स्वतःची समजूत हाच एक आधार आहे. ही समजूत घडविण्यात शिक्षकाने कोणते काम करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

महाविद्यालयीन वयात कोणत्या लसी?

लसीकरण हा तान्ह्या बाळांचा विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. महाविद्यालयीन वयाशी संबंधित लसी पुढीलप्रमाणे आहेत.

१) धनुर्वात व घटसर्प : टीडी या नावाने ओळखली जाणारी ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देण्यात येते. सोळावे वर्ष म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत अकरावीचे वर्ष होय. दहावीनंतर ज्यांनी शिक्षण सोडले आणि पुढे कम्युनिटी कॉलेजच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, त्यांचा हा डोस चुकलेला असण्याची शक्यता अधिक असते. वेल्डिंग, सुतारकाम, यंत्रदुरुस्ती अशा अभ्यासक्रमांत जखमा होतातच. जखम झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच नोंद तपासणे सोयीचे असते.

२) गोवर-रुबेला : फेब्रुवारी २०१७ मध्ये ही मोहीम देशात ज्या पाच राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत प्रथम सुरू झाली, त्यांत गोवा आणि कर्नाटक यांचा समावेश होता. नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयाच्या मुलांना लस देण्यात आली. महाराष्ट्रात हीच मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. त्यावेळी शाळेत असलेली मुले आता महाविद्यालयात आली आहेत. परंतु ज्यांचे वय तेव्हा पंधराच्या पुढे होते, किंवा जी शाळेतच नव्हती, ती मोहिमेच्या बाहेर राहिली. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाल्यास बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू आणि हृदयविकार होऊ शकतो. गरोदरपणात ही लस देत नाहीत. म्हणून मुलींच्या बाबतीत तिचा विचार विवाहापूर्वी होणे आवश्यक आहे.

३) कावीळ-बी : या रोगाची लस राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर २०११ मध्ये पोहोचली. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेली नाही. शुश्रूषा साहाय्यक, प्रयोगशाळा साहाय्यक यांसारख्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांचा रक्ताशी व सुयांशी संबंध येतो. त्यांनी पहिला, एका महिन्यानंतर दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, असे तीन डोस प्रात्यक्षिके सुरू होण्याच्या हिशेबाने वेळीच घेणे इष्ट होय.

४) विषमज्वर : गोव्यातील अनेक विद्यार्थी हॉटेल व उपाहारगृहांच्या व्यवसायात जातात. अन्न हाताळणाऱ्या कामगारांचे आतड्याच्या ज्वरांविरुद्ध लसीकरण करावे आणि त्याची नोंद ठेवावी, अशी तरतूद अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे कळण्यापेक्षा अभ्यासक्रमातच कळलेले बरे.

५) एचपीव्ही : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूंविरुद्धची ही लस होय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये उपलब्ध झाली. नऊ ते चौदा हे वय तिच्यासाठी सर्वांत योग्य मानले जाते. तथापि सव्वीस वर्षांपर्यंत मुलगे व मुली दोघांनाही ती घेता येते. हा विषय घरात बोलण्यास संकोच वाटतो. म्हणून तो महिला शिक्षिकेने किंवा महिला डॉक्टरने मांडणे उपयुक्त ठरते.

समूह-संरक्षण समजावताना

'मी धडधाकट आहे, मला लस कशाला?' हा तरुणांचा नेहमीचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर समूह-संरक्षणाच्या कल्पनेत आहे. गोव्यातील विद्यार्थ्यांना ही कल्पना समजावण्यासाठी रेबीजचे उदाहरण जवळचे आहे. राज्यात २०१४ पासून कुत्र्यांना रेबीजची लस देण्याचे काम मिशन रेबीज या संस्थेच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. हातात जाळी घेऊन गावोगाव फिरणारी पथके पेडणे-डिचोलीच्या विद्यार्थ्यांनीही पाहिली असतील. सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की उरलेल्या तीस टक्क्यांत रोगाची साखळी पुढे चालत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आहे. गोव्यात २०१७ नंतरची तीन वर्षे रेबीजने माणसाचा मृत्यू झाला नाही, असे राज्य सरकारने जून २०२१ मध्ये सांगितले. लस कुत्र्यांना मिळाली आणि प्राण माणसांचे वाचले. इतरांच्या लसीने आपले आणि आपल्या लसीने इतरांचे रक्षण होते, याचे यापेक्षा सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही. अर्थात, कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विलंब न करता दवाखान्यात जाऊन लस घेणे हा नियम तरीही कायम आहे.

प्रत्येक रोगासाठी हे प्रमाण वेगळे असते. गोवर अतिशय वेगाने पसरतो. त्यामुळे तेथे पंच्याण्णव टक्के मुलांना दोन डोस मिळणे आवश्यक असते. प्रमाण थोडे घसरले तरी काय होते, हे ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडी भागात दिसून आले. तेथे गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. मालेगाव व भिवंडी येथेही रुग्ण आढळले. दोन वर्षे कोविडमुळे नेहमीचे लसीकरण मागे पडले होते, हे त्यामागील एक मोठे कारण होते. महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेकांच्या घरी लहान भावंडे आणि भाचे असतात. त्या मुलांचे लसीकरणाचे कार्ड वाचू शकणारी घरातील व्यक्ती बहुधा हा विद्यार्थीच असतो.

टोचणीचा इतिहास आणि विश्वासाचा प्रश्न

लस ही परकी वस्तू आहे, ती आपल्यावर लादली जात आहे, ही भावना नवी नाही. परंतु इतिहास वेगळे सांगतो. देवीच्या रोगावर टोचून घेण्याची पद्धत उस्मानी तुर्कस्तानात प्रचलित होती. इंग्रज राजदूताची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू हिने ती इस्तंबूल येथे पाहिली, १७१८ मध्ये आपल्या मुलाला टोचून घेतले आणि नंतर इंग्लंडमध्ये तिचा प्रसार केला. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गायीच्या देवीची सुरक्षित लस शोधून काढली. ती लस इस्तंबूल, बगदाद व बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला ती टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. पुढे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० मध्ये देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

दुसरे उदाहरण मुंबईच्या प्लेगचे आहे. १८९६ मध्ये प्लेग सुरू झाल्यावर वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या काळी सरकारी पथकांच्या घरझडत्या आणि सक्ती यांमुळे लोक संतापलेले होते आणि लसीवरही संशय घेतला जात होता. अशा वेळी खोजा इस्माइली समाजाचे प्रमुख तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी हाफकिन यांना कामासाठी आपली वास्तू दिली आणि लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले. तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस-वीस वर्षांचे, म्हणजे आजच्या पदवीच्या विद्यार्थ्याएवढे होते. त्यानंतर हजारो खोजा स्त्री-पुरुष लस घेण्यास पुढे आले. ज्या माणसावर समाजाचा विश्वास आहे, त्याने आधी स्वतः करून दाखविले की बाकीचे काम सोपे होते, हा या प्रसंगाचा बोध आहे.

याच लसीच्या इतिहासात एक दुःखद घटनाही आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस घेतलेल्यांपैकी एकोणीस जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. एकाच बाटलीतील लस दूषित झाली होती. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि त्यांना काम सोडावे लागले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. दोष लसीत नव्हता. बाटली उघडताना पाळावयाच्या स्वच्छतेत तो होता. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. ही घटना विद्यार्थ्यांपासून लपविण्याचे कारण नाही. चूक होऊ शकते, ती शोधली जाते आणि त्यातून नियम अधिक कडक होतात, हे त्यांना समजले पाहिजे. आज प्रत्येक टोचणीसाठी नवी सुई वापरली जाते आणि कुपीवर क्रमांक व मुदत छापलेली असते. त्यामागे अशा अनुभवांची परंपरा आहे.

मुस्लिम समाजातील शंका आणि वस्तुस्थिती

मुस्लिम समाज लसीच्या विरोधात आहे, असे सरसकट विधान केले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. हजला जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला मेंदूज्वराची लस घ्यावी लागते. १९८७ च्या हजनंतर हा रोग अनेक देशांत पसरला आणि सौदी अरेबियाने ही लस बंधनकारक केली. पुढे २००० व २००१ मधील अनुभवानंतर चार प्रकारच्या जंतूंविरुद्धची लस आवश्यक ठरली. हजला निघालेले आजी-आजोबा ही लस निःशंकपणे घेतात आणि त्याबद्दल घरात वाद होत नाही. वास्कोतील खलाशी कुटुंबांनाही हे परिचयाचे आहे. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील काही बंदरांवर जाण्यासाठी पीतज्वराच्या लसीचे कार्ड लागते आणि ते कार्ड घरात पारपत्राबरोबर जपून ठेवले जाते. ज्या घरात अशी कार्डे आहेत, त्या घराला लस नवी नाही. तेथे वर्गातील चर्चा याच कार्डांपासून सुरू करता येते.

लस हलाल आहे काय, हा प्रश्नही शिक्षकाने टाळू नये. इंडोनेशियात २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीबाबत तो उपस्थित झाला होता. ती लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीच होती. तेथील उलेमा परिषदेने निर्मितीप्रक्रियेतील घटकावर आक्षेप नोंदविला, परंतु पर्याय नसताना व रोगाचा धोका असताना ती घेण्यास 'जरूरत' या तत्त्वानुसार परवानगी दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेनेही कोविड लसीबाबत, जीवरक्षण हे मोठे कारण मानून, अनुकूल निर्णय दिला. टोचून घेतल्याने रोजा तुटत नाही, असा खुलासा २०२१ च्या रमजानच्या सुमारास लखनौच्या फिरंगी महल येथील दारुल इफ्ताने केला. धर्माविषयीच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने स्वतःच्या मनाने देऊ नये. जाणकार आलिमांचे मत मिळवून ते विद्यार्थ्यांपुढे ठेवावे.

पोलिओच्या मोहिमेचा अनुभव या बाबतीत सर्वांत मोलाचा आहे. २००२ मध्ये देशात पोलिओचे सोळाशे रुग्ण आढळले. त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते आणि मुस्लिम वस्त्यांतील मुलांचे प्रमाण त्यांत जास्त होते. थेंबांमुळे वंध्यत्व येते, अशी अफवा पसरली होती. त्यानंतर युनिसेफने अलिगड मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द यांना सोबत घेतले. या संस्थांचे शिक्षक व विद्यार्थी वस्त्यांत गेले, मशिदींतून आवाहने झाली आणि स्थानिक स्त्रिया घरोघरी फिरल्या. लोकांनी केवळ थेंबच का, आमच्या मुलांच्या तापाचे व जुलाबाचे काय, असे विचारले तेव्हा त्या तक्रारीही ऐकून घेण्यात आल्या. १३ जानेवारी २०११ रोजी देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. समाजाच्या शिक्षणसंस्था या कामात काय करू शकतात, याचा हा पुरावा आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांत कोविड लसीचे प्रमाण वाढविण्यासाठी चित्रपट अभिनेते सलमान खान यांची व धर्मगुरूंची मदत घेण्याचा मनोदय व्यक्त केला होता. अशा आवाहनाचा उपयोग होतोच. परंतु अभिनेता प्रश्नाला उत्तर देण्यासाठी दुसऱ्या दिवशी वर्गात येत नाही. शिक्षक मात्र येतो.

भाषेचा अडसर

लसीकरणाच्या प्रचारात भाषेचा प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. २०२१ मध्ये गोव्यातील मोहिमेचे नाव 'टीका उत्सव' असे होते. हिंदी व उर्दूत 'टीका' म्हणजे लस. मराठीत मात्र 'टीका' म्हणजे दोष दाखविणे किंवा ग्रंथावरील भाष्य. पेडणे-डिचोलीच्या मराठी वाचणाऱ्या घरात हा फलक वाचून क्षणभर गोंधळ होणे स्वाभाविक होते. मराठीतील 'लस' हा शब्द मूळचा फोडातून किंवा जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवासाठी आहे. देवीच्या फोडातील लस घेऊन ती दुसऱ्याच्या दंडावर टोचीत, यावरून तो रूढ झाला. जुनी माणसे या क्रियेला 'देवी काढणे' म्हणत. कन्नडमधील 'लसिके' हा शब्द याच्याच जवळचा आहे.

वास्कोतील एका वर्गात कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी आणि उर्दू बोलणारी मुले एकत्र बसतात. इंग्रजीतील सूचनाफलक ती वाचू शकतात, पण त्यांच्या आईला तो वाचता येत नाही. म्हणून भाषाविषयांच्या विद्यार्थ्यांकडून एकच माहिती घरच्या भाषांत लिहून घेणे हे उत्तम भाषिक कार्य ठरेल. 'दुष्परिणाम' या शब्दाने भीती वाटते. त्याऐवजी 'लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, दंड दुखू शकतो' असे सरळ लिहावे. तयार मजकूर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

सक्ती की समजूत?

ऑक्टोबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात महाविद्यालये सुरू करताना दोन डोस घेतलेल्या विद्यार्थ्यांनाच प्रत्यक्ष वर्गात बसण्याची मुभा होती. उरलेल्यांसाठी २५ ऑक्टोबरपासून 'मिशन युवा स्वास्थ्य' या नावाने महाविद्यालयांत शिबिरे घेण्यात आली. लस विद्यार्थ्याच्या दारात नेण्याचा हा उपक्रम उचित होता. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल प्रकरणात निकाल दिला. कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, शारीरिक स्वायत्तता ही घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने म्हटले. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, परंतु ते प्रमाणबद्ध असावेत, असेही स्पष्ट केले. शिक्षणसंस्थांनी हा निकाल लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

संमतीचे महत्त्व आणखी एका घटनेवरून स्पष्ट होते. तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत एचपीव्ही लसीचा प्रायोगिक प्रकल्प राबविण्यात आला होता. तो एप्रिल २०१० मध्ये थांबविण्यात आला. काही मुलींच्या मृत्यूचा लसीशी थेट संबंध चौकशीत आढळला नाही, परंतु पालकांची संमती नीट घेतली नव्हती, हे उघड झाले. वसतिगृहातील मुलींच्या बाबतीत पालकांऐवजी संस्थेच्या प्रमुखांच्या सह्या घेतल्या होत्या. परिणामी एका उपयुक्त लसीविषयी वर्षानुवर्षे संशय राहिला. शिक्षणसंस्थेने घाईने केलेली सही किती महाग पडते, हे यातून दिसते.

तज्ज्ञांनी लस टाळण्याची तीन कारणे सांगितली आहेत : विश्वासाचा अभाव, बेफिकिरी आणि गैरसोय. ही तिन्ही एकाच विद्यार्थ्यात असतील असे नाही. ज्याला सुट्टी नाही म्हणून लस घेता येत नाही, त्याला अफवांचे खंडन ऐकवून उपयोग नाही. आणि जिला भीती वाटते, तिच्यासाठी केवळ शिबिर भरवून भागत नाही. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला प्रारंभी ऑनलाइन नोंदणीशिवाय लस मिळत नव्हती. ज्या घरात एकच मोबाइल होता, त्या घरातील तरुण मागे राहिले. त्यांना 'लसविरोधी' म्हणणे अन्यायाचे होते.

शिक्षकांसाठी काही सूचना

१) शंका ऐकून घ्यावी. एप्रिल २०२१ मध्ये मासिक पाळीच्या आधी व नंतर पाच दिवस मुलींनी लस घेऊ नये, असा संदेश सर्वत्र फिरत होता. शासनाने तो खोटा असल्याचे जाहीर केले. परंतु ज्या मुलींना विचारायला कोणी नव्हते, त्यांच्यापर्यंत हा खुलासा पोहोचणे कठीण होते. नाव न लिहिता प्रश्न टाकता येतील अशी पेटी ग्रंथालयात ठेवावी आणि त्यांची उत्तरे डॉक्टरांकडून घेऊन फलकावर लावावीत.

२) खरे सांगावे. कोविशिल्डसारख्या लसीने अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे २०२४ मध्ये ब्रिटनमधील खटल्याच्या बातम्यांमुळे सर्वांना कळले. विद्यार्थी त्याविषयी विचारणारच. 'तसे काही नाही' असे उत्तर दिल्यास पुढच्या कोणत्याही लसीविषयी तो शिक्षकाचे ऐकणार नाही. धोका किती क्वचित आहे आणि रोगाचा धोका किती मोठा होता, हे शेजारी-शेजारी मांडावे. जे माहीत नाही ते 'विचारून सांगतो' असे म्हणावे आणि खरोखरच विचारून सांगावे.

३) नोंद ठेवण्यास शिकवावे. बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजी लसीचा लहानसा व्रण असतो. तो पाहण्यापासून सुरुवात करून 'मला आणखी कोणत्या लसी मिळाल्या आहेत?' हा प्रश्न आईला विचारण्यास सांगावे. प्रत्येकाने आपली नोंद स्वतः ठेवावी. वर्गात ती मोठ्याने वाचून दाखवू नये आणि लस न घेतलेल्यांची यादी फलकावर लावू नये.

४) शिबिराची आखणी विद्यार्थ्यांच्या सोयीने करावी. कम्युनिटी कॉलेजचे बरेच विद्यार्थी दिवसा काम करतात. त्यांच्यासाठी संध्याकाळची किंवा सुट्टीची वेळ ठेवावी. परीक्षेच्या आठवड्यात शिबिर नको. रमजानमध्ये शक्यतो इफ्तारनंतरची वेळ मागून घ्यावी. मुलींसाठी पडदा व परिचारिका असावी. सुईच्या भीतीने तरुणांना भोवळ येते. म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवावे. चिखलीचे उपजिल्हा रुग्णालय, वास्कोचे नागरी आरोग्य केंद्र आणि पेडणे-डिचोली भागातील आरोग्य केंद्रे यांच्याशी सत्राच्या प्रारंभीच संपर्क साधल्यास हे नियोजन करता येते.

५) पुढच्या डोसाची तारीख विसरू देऊ नये. एकदाच शिबिर भरवून थांबल्यास कावीळ-बीचे तीन डोस पूर्ण होत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांकडे आठवण देण्याचे काम सोपवावे.

६) आवारातील सर्वांचा विचार करावा. सफाई कामगार, सुरक्षारक्षक, उपाहारगृहातील मुले हेही त्याच आवारात वावरतात. कंत्राटी असल्यामुळे त्यांची नोंद कोणाकडेच नसते. शिबिरात पहिल्या रांगेत त्यांना बोलवावे आणि त्यांच्या बरोबरीने शिक्षकांनी स्वतःचे चुकलेले डोस घ्यावेत.

समारोप

महाविद्यालयातील विद्यार्थी हा घर आणि संस्था यांच्यामधील दुवा आहे. वास्कोसारख्या शहरात तो कधी आजीचे हजचे कागद भरतो, कधी वडिलांचे जहाजावरील कागद वाचतो आणि लहान भावाचे लसीकरणाचे कार्डही तोच सांभाळतो. त्याला कारणासह माहिती मिळाली तर ती त्याच्या घरी आणि शेजारीही पोहोचते. त्याला नुसता हुकूम मिळाला तर हुकूम संपताच विषयही संपतो. कोविडच्या काळात प्रमाणपत्राने फार थोड्या अवधीत मोठे काम केले, हे मान्य करावे लागेल. आता प्रमाणपत्राचा आधार नसताना तेच काम सुरू ठेवायचे आहे. मागाल तेव्हा लस मिळेल अशी व्यवस्था करणे ही आरोग्य खात्याची जबाबदारी आहे. ती मागावी असे विद्यार्थ्याला वाटणे, ही बऱ्याच अंशी त्याच्या शिक्षकावर अवलंबून असलेली गोष्ट आहे. येत्या सत्राच्या वेळापत्रकात त्यासाठी प्रत्येक वर्गाला एक तास दिला तरी चांगली सुरुवात होईल.